पाखरं सूर मारतात तेव्हा

(दृश्य: पहाट. मालवणची किनारपट्टी. वाळूवर होडी, तिच्यात रचून ठेवलेलं रापणीचं जाळं.)

पावसाळ्यात समुद्राच्या तळाचं थंड, कसदार पाणी वर येतं. त्यात सूक्ष्म वनस्पती माजतात आणि तारली मुख्यतः त्यांच्यावर पोसते. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात तारली आणि बांगड्याचे थवे किनाऱ्याच्या इतके जवळ येतात, की वाळूत उभं राहून ते जाळ्याने ओढता येतात. हीच रापण.

पण ओढायला वेळ थोडाच मिळतो. पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, तोवर पाणी सपाट असतं. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की पाण्यावर लाट उठते आणि खाली थवा असला तरी दिसत नाही.

(दृश्य: सुरय पक्ष्यांचा थवा, सूर मारताना. हा शॉट लांब ठेवावा.)

सुरय उंचावर नुसत्या घिरट्या घालत असतील तर मासा आहे, पण खोल. एकाच जागी धडाधड सूर मारू लागले, की समजायचं, खालून सुरमई किंवा कुपा असा मोठा शिकारी मासा थव्याला वर रेटतोय. तीच पाखरं पाण्यावर निवांत बसली तर होडी ढकलण्यात अर्थ नाही. थवा बुडालाय, नाहीतर फुटलाय. डॉल्फिन पाहून पर्यटक टाळ्या वाजवतात. रापणकर मात्र थवा पांगण्याच्या काळजीत असतो.

(दृश्य: पाण्यावरचा काळपट डाग, जवळून.)

आता हा डाग बघा. ढगाची सावलीही अशीच दिसते, पण सावली वाऱ्याबरोबर सरकते. थवा आपल्या मनाने वळतो, थांबतो, आणि त्याच्या कडेला पाऊस पडल्यासारखी टपटप दिसते. हा फरक ओळखणारी नजर किनाऱ्यावर असेल, तरच होडी सुटते. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहातून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासे मिळण्याच्या संभाव्य जागा कळवते. मात्र ढग दाटले की उपग्रहाला पाणी दिसत नाही, आणि थवा या क्षणी कुठे वळला ते तर त्याला कधीच दिसत नाही.

(दृश्य: ड्रोन. होडी अर्धगोल घेत जाळं सोडते.)

दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात. होडी थव्याच्या बाहेरून, समुद्राच्या बाजूने फिरते आणि दुसरं टोक लांबवर किनाऱ्याला आणून देते. वल्ही आपटायची नाहीत. आवाजाने बांगडा खाली जातो. जाळ्याच्या वरच्या दोराला फ्लोट, खालच्याला शिसं, आणि मधल्या भागात आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक, कारण मासा शेवटी तिथेच गोळा होतो.

(दृश्य: दोन रांगा दोर ओढताना. पाय वाळूत रुतलेले.)

दोन्ही रांगांचा वेग सारखा हवा. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं. ओढता ओढता रांगा एकमेकींकडे सरकतात, नाहीतर तोंड उघडंच राहतं. शिशाचा दोर तळाला घासत आला पाहिजे. तो वीतभर उचलला गेला तरी मासा खालून निसटतो. मोठी लांब लाट असेल तेव्हा नेमकं हेच होतं, लाट दोर उचलते. वारा पडलेला असताना अशी लाट येऊ लागली, तर दूर कुठेतरी वादळ आहे. 2019 च्या ऑक्टोबरात क्यार चक्रीवादळ किनाऱ्याला न धडकता अरबी समुद्रातच राहिलं, तरी त्याच्या लाटांनी कोकणची किनारपट्टी झोडपली.

जेलीफिश जास्त आले तर जाळं जड होतं, हात भाजतात, आणि ओढताना जाळं फाटतं. अशा दिवशी रापण टाकूच नये.

(दृश्य: जाळं किनाऱ्याला. चकाकता मासा, टोपल्या, वाटे.)

रापण थव्यामागे जात नाही, थवा जवळ येण्याची वाट बघते. खोल समुद्रात प्रखर दिवे लावून मासा गोळा करणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्र सरकारने 2017 मध्ये बंदी घातली. ती मोडली जाते त्या रात्रीनंतर इथली रांग रिकामं जाळं ओढते.