जो खेळ काठावरून दिसतच नाही

मागेपर्यंत आवाज येतोय ना? बरं. मला विषय दिला होता ‘नव्या देशात अंडरवॉटर रग्बीचा छोटा क्लब’, आणि दुसऱ्याच दिवशी आयोजकांपैकी एकीने फोन करून हळूच विचारलं, हे खरंच असतं ना, म्हणजे तुम्ही आमची फिरकी तर घेत नाही ना. तिचं काही चुकलं नाही. मी हा खेळ 11 वर्षं खेळले, मग नोकरीसाठी ज्या देशात गेले तिथे याचा एकही क्लब नव्हता, आणि पहिली दोन वर्षं मी जवळजवळ हेच पटवत फिरत होते की असं काहीतरी असतं आणि मी शुद्धीवर आहे.

आधी खेळ सांगते, पटकन. 3.5 ते 5 मीटर खोल पूल. दोन्ही टोकांना तळाशी एकेक जड लोखंडी बास्केट, तोंड वर, साधारण 40 सेंटिमीटर रुंद. बॉलमध्ये हवा नाही, मिठाचं पाणी, म्हणून तो तरंगत नाही, बुडतो, आणि किती वेगाने बुडावा हेही ठरलेलं आहे, सेकंदाला 1 ते सव्वा मीटर. टीमचे 6 जण पाण्यात आणि 6 बेंचवर, दमलात की बाहेर यायचं, तुमचा जोडीदार आत, हे सगळी मॅचभर चालू. 15-15 मिनिटांचे दोन हाफ. अंगावर मास्क, स्नॉर्केल, फिन्स, कान झाकणारी टोपी, बस. सिलेंडर असतो तो फक्त पाण्याखालच्या दोन रेफरींच्या पाठीवर, तिसरा रेफरी काठावर. बॉल पाण्याबाहेर काढायचा नाही, आणि ज्याच्याकडे बॉल त्यालाच धरायचं, त्यानेच इतरांना ढकलायचं. मास्क-फिन्सला हात लावायचा नाही. गोलकीपर बास्केटवर पाठ टेकून उताणा पडतो आणि अंगानेच झाकण घालतो. कबड्डी खेळलेल्या माणसाला हे लगेच कळतं, दम संपायच्या आत परत यायचं, फक्त इथे ती रेषा समोर नाही, डोक्यावर आहे.

आता काठावर उभं राहिलेल्या माणसाला यातलं काय दिसतं? काही नाही. दोन-चार पाठी, स्नॉर्केलच्या नळ्या, मधेच फसकन उडालेलं पाणी, एखादी फिन. खाली चार मीटरवर तिघं एकमेकांना लपेटून पडलेत, बॉल अक्षरशः बास्केटच्या कडेला टेकलाय, आणि वरून बघणारा विचारतो, चालू झालं का. क्लब उभा करताना जी काही अडचण आली ना, पूल मिळत नाही, माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, ती सगळी फिरून इथेच येते. खेळ दिसत नाही.

पहिला पूल मिळाला तो असाच गेला. खोल पूल म्हणजे मुळात डाइव्हिंगचा पूल, उड्या मारायचा, आणि तो गावागणिक नसतोच, असला तरी डाइव्हिंगवाल्यांनी आधीच धरलेला. रात्री उशिराचा एक तास मिळाला. आम्ही पाच जण. तिथल्या लाईफगार्डला मी सगळं समजावून सांगितलं होतं पण सांगणं वेगळं आणि पाच माणसं एकदम पाण्याखाली गायब होताना बघणं वेगळं, त्याने दहा मिनिटांत तीनदा शिट्टी मारली, आणि तिसऱ्यांदा तो बूट काढून उडी मारायच्या तयारीत होता. पुढच्या आठवड्यात मॅनेजरचं पत्र. सुरक्षेच्या कारणास्तव. मी महिनाभर चिडचिड केली, मग कळलं की त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. दुसऱ्या पुलाला अर्ज करताना मी कागद कमी नेले आणि दोन मास्क नेले, आणि म्हटलं, साहेब, पाच मिनिटं पाण्यात या, मग नाही म्हणा. ते आले नाहीत, पण त्यांनी त्यांच्या सिनियर लाईफगार्डला पाठवलं, आणि त्या बाईंनी वर येऊन त्यांना जे सांगितलं असेल ते सांगितलं, आम्हाला मंगळवार मिळाला.

इथे थोडा इतिहास सांगते, कारण तो कामाला येतो. 1961 साली जर्मनीत, कोलोनच्या डायव्हिंग क्लबमधल्या लुडविग फॉन बेर्सुडा यांनी बॉलमध्ये मिठाचं पाणी भरून बघितलं. नुसतं बुडी मारून मारून मंडळी कंटाळली की काहीतरी हवं असतं ना. त्या क्लबात हा खेळ बरेच दिवस वॉर्मअप म्हणूनच खेळला जायचा. मग डुइसबुर्गचे डॉक्टर फ्रान्झ योसेफ ग्रिमआयझन यांनी त्याची स्पर्धा करायचं मनावर घेतलं आणि 4 ऑक्टोबर 1964 ला पहिला अधिकृत सामना झाला, शेजारच्या म्यूलहाइमची जीवरक्षक संघटना आणि डुइसबुर्गचे डायव्हर्स, डुइसबुर्ग 5-2 ने जिंकलं. पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा व्हायला 1980 उजाडलं, तीही म्यूलहाइममध्येच. आता यातलं माझ्या उपयोगाचं काय, तर वॉर्मअप. खेळ शोधणाऱ्यांनासुद्धा तो दुसऱ्या कशाच्या तरी पोटात शिरूनच वाढवावा लागला. आणि मी मूर्खासारखी वेगळा क्लब, वेगळं नाव, वेगळा लोगो करत बसले होते, चार माणसांचा लोगो! तो सोडून मी तिथल्या फ्रीडायव्हिंगवाल्यांकडे, म्हणजे सिलेंडरशिवाय नुसता श्वास धरून खोल जाणाऱ्यांकडे, गेले आणि म्हटलं तुमच्या सेशनची शेवटची 20 मिनिटं मला द्या. त्यांच्याकडे खोल पाणी होतं, परवानगी होती, विमा होता, मास्क-फिन्स होते. माझ्याकडे बॉल होता.

बॉलबद्दल बोलायलाच हवं, कारण सहा महिने माझं सगळं डोकं त्यात गेलं. नव्या देशात तुम्हाला तयार बॉल कोण देणार, मागवला तरी तो रिकामा येतो. बॉल साधारण अडीच लिटरचा. मीठ थोडंसं घालून भागत नाही, पाण्यात जेवढं विरघळेल जवळजवळ तेवढं सगळं लागतं, म्हणजे पाऊण किलोच्या वरच. मी पहिल्यांदा घाईत ढवळलं, न विरघळलेले खडे बॉल भरायच्या सुईत अडकले, दाब वाढला आणि नळी सुटून सगळं मिठाचं पाणी डोळ्यात. तेव्हापासून आदल्या रात्री कोमट पाण्यात मीठ घालून ठेवते, सकाळी फडक्यातून गाळते, बॉलमधली हवा दाबून दाबून सगळी काढते आणि मगच भरते. हवेचा एक छोटा बुडबुडा राहिला तरी बॉल धड बुडत नाही, तळाशी गेल्यावर तो बुडबुडा दाबला जातो आणि बॉल हातात पिचपिचीत लागतो. भरलेला बॉल काट्यावर ठेवला तर 3 किलोच्या वर जातो, पाण्यात तोच अर्धा किलोसारखा वाटतो. आणि पास? कितीही जोर लावा, दोन-तीन मीटरवर पाणी त्याला थांबवतं. म्हणून हा जवळून खेळायचा खेळ आहे, लांबून फेकणाऱ्यांचा नाही.

माणसं. सुरुवातीला मी एक जोरदार व्हिडिओ फिरवला, त्यात सगळी झटापट, आणि पहिल्या संध्याकाळी 23 जण आले. मला काय आनंद! मास्क होते सात. निम्मे लोक पोहायचे गॉगल घेऊन आले होते, आता गॉगलमध्ये नाक बाहेर राहतं, त्यामुळे खाली गेल्यावर आत हवा सोडता येत नाही आणि डोळे ओढल्यासारखे होतात, त्यांना काठावर बसवलं. उरलेल्यांना मी थेट मॅच खेळवली. कुणाला कान मोकळे करता येईना, दोन मीटरवर गेले की दुखायला लागायचे, मग ते वरच तरंगत बॉलची वाट बघत राहिले, जो काही वर येणार नव्हता. पुढच्या मंगळवारी तिघं आले.

आता मी पहिल्या दिवशी मॅच घेतच नाही. दोघं-दोघं. एक खाली, एक वर, वरच्याने मास्क पाण्यात ठेवून खालच्यावर नजर ठेवायची. नाक चिमटून कान मोकळे करत करत खाली जा, घाई नाही, तळाला हात लाव, वर ये. मग तळाशी बॉल ठेवायचा आणि सांगायचं, वर आणू नका, खालीच एकमेकांना द्या. बास. साधारण तिसऱ्या-चौथ्या बुडीला काय होतं की माणूस बॉल देऊन वर यायच्याऐवजी अर्धा सेकंद जास्त थांबतो, समोरच्याने तो नीट धरला का बघायला. ते मला वरून मास्कमधून दिसतं. तो माणूस परत येणार, मी नाव लिहून घेते.

कोण टिकतं याचे माझे अंदाज सगळे चुकले बरं का. फ्रीडायव्हर चार-चार मिनिटं श्वास धरतात, वाटलं हेच हिरो, पण ते शांतपणे एकदा जातात आणि इथे पंधरा-वीस सेकंदांच्या बुड्या, परत परत, झटापट करत, वर दोन श्वास की पुन्हा खाली, त्यात ते बेजार होतात. वॉटर पोलोवाले ताकदीचे पण डोकं वर काढायची सवय जात नाही. अंडरवॉटर हॉकीवाले सगळ्यात भारी, त्यांना कधी वर यायचं हे अंगात भिनलेलं असतं, फक्त त्यांचा खेळ तळाच्या फरशीवर चालतो, त्यामुळे डोक्यावरून कुणी येऊ शकतं हेच ते विसरतात. आणि सगळ्यात पक्की टिकली ती एक लायब्ररीत काम करणारी मुलगी, जिने आधी कधीच फिन्स घातल्या नव्हत्या. ती आज आमची गोलकीपर आहे, आणि तिला बास्केटवरून हलवणं म्हणजे, जाऊ दे.

एक गोष्ट मात्र मी आवाज चढवून सांगते. पाण्यात जायच्या आधी भराभर श्वास घेऊन दम वाढवायचा नाही. नवीन मुलं हे हमखास करतात, कुठेतरी बघितलेलं असतं. श्वास घ्यावासा वाटतो तो शरीरात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून, ऑक्सिजन कमी झाला म्हणून नव्हे. भराभर श्वास घेतलात की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, ऑक्सिजन काही फारसा वाढत नाही, म्हणजे गजर बंद करून झोपल्यासारखं झालं. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो तसा उरलासुरला ऑक्सिजनही अपुरा पडतो आणि माणूस पृष्ठभागाजवळ येऊन बेशुद्ध होतो, कुठलीही धडपड न करता. आणि पुन्हा तेच, काठावरून दिसत नाही. आमच्याकडे हे करताना कुणी सापडलं की तो दिवसभर बेंचवर. एक जण यावरून रागावून क्लब सोडून गेला, गेला तर गेला.

बारा माणसं जमेपर्यंत थांबू नका. चौघांत खूप काही होतं. एकच बास्केट, दोन विरुद्ध दोन. तीन जण असतील तर एक गोलकीपर, दोघं हल्ला करणारे, आणि 45 सेकंदांत गोल, आपल्या नियमांत पेनल्टीला जेवढा वेळ असतो तेवढाच. पहिल्या बास्केट माझ्या प्लॅस्टिकच्या बादल्या होत्या, आत डायव्हिंगचे वजनाचे तुकडे, खाली रबर कारण पूलवाल्यांचा जीव त्यांच्या फरशीत. लाज वाटायची, मग आठवलं की कोलोनवालेही बादल्याच वापरायचे.

पैशांचं एका वाक्यात, पुलाचं भाडं हजेरीवर वाटू नका, हंगामाचं आधी घ्या, नाहीतर थंडीत चारच जण आले की ते भाडं तुमच्याच खिशातून जातं आणि वर्षाच्या आत तुम्हाला माणसांचा राग यायला लागतो, जे माझं झालं होतं.

आणि भाषा. त्या देशात माझी भाषा अजून लंगडी आहे, ऑफिसात मीटिंगमध्ये मी वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. पाण्याखाली सगळेच मुके. तिथे खांद्यावर दोन टपल्या म्हणजे मी वर चालले, तू घे. एवढ्या भाषेवर मी त्या देशातली माझी सगळ्यात जवळची माणसं जोडलीत. बेंचवर मात्र बोलावं लागतं, आणि बेंचवर तुमचा जोडीदार काठाला येऊन धापा टाकत जे सांगतो, डावीकडे मोकळं आहे, त्यांची गोलकीपर लवकर दमते, ते समजून घेण्यासाठी मी जेवढी भाषा शिकले तेवढी क्लासमध्ये नाही शिकले.

पहिली बाहेरची टीम तिसऱ्या वर्षी आली, शेजारच्या देशातून, मुरलेली मंडळी. आम्ही 14-0 हरलो. त्यांच्यातला एक जण आम्हाला नंतर म्हणाला, तुम्ही सगळे एकाच वेळी वर येता. म्हणजे सहाच्या सहा जण एकदम दमायचो आणि एकदम श्वास घ्यायला वर, तेवढ्या वेळात खाली बास्केटवर कुणीच नाही, ते आरामात बॉल ठेवून जायचे, फेकायचीसुद्धा गरज नव्हती. तीन वर्षं एकत्र सराव करून आमच्या एकालाही हे दिसलं नव्हतं, कारण आपण वर असतो तेव्हा आपल्याला वरचेच लोक दिसतात. त्यानंतरचे दोन महिने आम्ही बॉलला हात लावला नाही, फक्त पाळीने खाली राहायचं शिकलो, मी वर तर तू खाली, आणि खूप कंटाळवाणं होतं ते.

हो, विचारा. आता किती जण आहोत? वहीत 19, मंगळवारी साधारण नऊ-दहा, परीक्षांच्या दिवसांत सहा. बायका-पुरुष एकत्रच, वेगळ्या टीम करण्याएवढी माणसं कुठून आणू. बॉल तिथे टेबलाखाली पिशवीत आहे, हातात घेऊन बघायचा असेल तर बघा, फक्त व्हॉल्व्हला बोट लावू नका, परवाच भरलाय.