मशीनने हात कधी सोडायचा?

सुरुवातीला एक गंमत करू. बसलाय तिथेच पाठ ताठ ठेवा, पावलं गुडघ्यांच्या जरा पुढे, आणि आता अजिबात पुढे न झुकता उभं राहून दाखवा. हसू नका, करा. नाही ना उठता येत? कारण उठताना आपण आधी नाक पायाच्या बोटांवर आणतो, वजन पावलांवर जातं आणि मगच बूड खुर्चीवरून सुटतं, रोज करतो पण आपल्याला पत्ताच नसतो. स्ट्रोक झालेल्या माणसाला नेमकं हेच परत शिकावं लागतं. आणि घरचे काय करतात, काखेत हात घालून सरळ वर ओढतात. मायेनेच ओढतात हो, पण त्याच्यावर झुकायची वेळच येत नाही, म्हणजे शिकायचं ते राहूनच जातं.

अशा पेशंटला चालायला, हात हलवायला परत शिकवणारे रोबोट असतात, त्यांनीही बरीच वर्षं हीच चूक केली.

आधी सांगतो हे रोबोट आले कशाला. पूर्वी पेशंटला हार्नेसने, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांनी, वरून लटकवायचं, खाली ट्रेडमिल, आणि दोन फिजिओ दोन बाजूला बसून त्याचे पाय हाताने उचलून पुढे टाकणार, एक एक पाऊल. थोड्या वेळात पेशंट ठीक, फिजिओची कंबर गेली! म्हणून झुरिकमध्ये लोकोमॅट तयार झालं, मांडी-पिंडरीला पट्ट्यांनी बांधायचे मोटरवाले पाय, 2000 च्या सुमारास. मशीन थकत नाही, प्रत्येक पाऊल सारखं टाकतं. पण पाय आपोआप हलतायत म्हटल्यावर पेशंट आतून सुट्टीवर जातो. म्हणजे आळशी असतो म्हणून नाही, आपलं शरीरच तसं कंजूष आहे, दुसरं कोणी ताकद लावतंय कळलं की स्नायू आपली कमी करतात. मोजून बघितलंय हे, पेशंटला नुसतं चालवून घेतलं तर मशीनमध्ये त्याला फिजिओबरोबर चालताना लागतो त्यापेक्षा कमी ऑक्सिजन लागतो. शिवाय सुरुवातीच्या मशीनमध्ये कंबर फिक्स धरलेली, मग तोल सांभाळायचा प्रश्नच नाही, आणि चालणं म्हणजे निम्मं तर तोलच.

हातासाठी अमेरिकेत एमआयटी विद्यापीठामध्ये नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी एमआयटी-मॅनस बनवलं, त्यात मला आवडणारी गोष्ट म्हणजे ते मऊ आहे. स्क्रीनवर ठिपका दिसतो, टेबलावरून हात सरकवत तिकडे न्यायचा, तुम्ही निघालात तर मशीन गप्प, अडकलात तरच हलका ढकला. गरजेपुरती मदत. आणि आकडा बघा, साध्या थेरपीच्या सेशनमध्ये हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी 32 व्हायच्या असं 2009 च्या एका पाहणीत मोजलं होतं, या मशीनवर एका सेशनमध्ये हजाराच्या आसपास होतात.

मग सगळे बरे झाले का? नाही. ब्रिटनमध्ये 770 पेशंटवर मोठी ट्रायल झाली, 2019 मध्ये निकाल आला, रोजच्या कामात हात वापरण्याच्या बाबतीत रोबोटवाला ग्रुप नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा पुढे गेला नाही. या क्षेत्रातले आमच्यासारखे बरेच जण हिरमुसले. माझं मत विचाराल तर टेबलावर हात सरकवायला शिकलात की तुम्ही टेबलावर हात सरकवण्यात पक्के होता, शर्टाचं बटण हे वेगळंच प्रकरण आहे, त्याला बोटं लागतात, मनगट वळावं लागतं, दुसरा हात लागतो. मोजण्यापुरत्या हालचाली वाढल्या पण कामं नाही वाढली. चालण्याचं चित्र जरा बरं आहे, स्ट्रोक होऊन तीन महिनेही झाले नाहीत आणि अजून स्वतःचं स्वतः चालता येत नाही अशा लोकांना फिजिओथेरपीच्या *जोडीला* मशीन दिलं तर स्वतंत्र चालू लागण्याची शक्यता वाढते. जोडीला, बरं का, ऐवजी नाही.

आता एक्सोस्केलेटन, म्हणजे अंगावर चढवून चालायचा मोटरवाला सांगाडा, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. रीवॉक नावाचा असा सांगाडा बनवणारे इस्रायलचे अमित गॉफर, 1997 च्या अपघातात त्यांचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय अधू झाले, त्यांनी पायांतलं बळ गेलेल्यांना उभं करणारं हे मशीन काढलं, 2014 मध्ये अमेरिकेत एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, मान्यताही मिळाली. पण ते घालून तोल सांभाळायला हातात कुबड्या लागतात. आणि गॉफरांच्या हातात तेवढं बळ नव्हतं! स्वतःचं मशीन स्वतःला वापरता येईना. मग त्यांनी वेगळी वाट धरली, उभं राहून चालवता येते अशी चाकांची खुर्ची केली. व्हीलचेअर म्हणजे हार असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्या, कितीतरी लोकांना चाकावरून झपाट्याने कामावर पोचायचं असतं, मोटरच्या पायांनी हळूहळू चालून टाळ्या घ्यायच्या नसतात.

मघाशी कुणीतरी चिठ्ठी पाठवलीय, आईचा उजवा गुडघा दुखतो, काठी कुठल्या हातात? डाव्या. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग सगळं अंग त्याच पायावर कलतं. उलट्या हातात धरा, काठी आणि दुखरा पाय एकदमच पुढे टाका, आणि उंची मनगटाच्या घडीइतकी ठेवा, खांदा उचलला जातोय असं दिसलं तर काठी उंच झालीय.