ॲलन ड्वान: चारशे सिनेमांचा इंजिनियर

नमस्कार मंडळी! आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे त्याचं नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलंही नसेल. ॲलन ड्वान, हॉलिवूडचा डायरेक्टर. पहिला सिनेमा १९११ चा, शेवटचा थेटरात लागला १९६१ मध्ये, आणि मधे चारशेच्या आसपास सिनेमे! तो स्वतः तर आकडा याहून बराच मोठा सांगायचा, आता मोजणार तरी कोण, सुरुवातीचे सगळे एकेका रिळाचे, दहा-पंधरा मिनिटांचे, आणि त्यातले बहुतेक हरवलेत.

जन्म कॅनडातला, टोरोंटोचा, १८८५ चा. शिकला इंजिनियरिंग. शिकागोला पाऱ्याच्या दिव्यांचं काम करत होता, ते दिवे सिनेमावाल्यांना शूटिंगसाठी पाहिजे होते म्हणून स्टुडिओत जाणं-येणं सुरू झालं, तिथं बघितलं की हे लोक गोष्टी विकत घेतात, मग आपल्या लिहिलेल्या गोष्टी त्यांना विकल्या आणि तिथेच चिकटला.

पुढचा किस्सा तो म्हातारपणीही रंगवून सांगायचा. कंपनीने त्याला कॅलिफोर्नियाला पाठवलं, आमचं एक युनिट तिकडे गेलंय, काय चाललंय ते बघून ये म्हणून. जाऊन बघतो तर डायरेक्टर साहेब दारू प्यायला गायब आणि नट मंडळी बसून! याने तार केली, डायरेक्टर नाही, युनिट बंद करा. उलटी तार आली, तूच कर डायरेक्शन. आता याला त्यातलं ओ की ठो माहीत नाही, मग नटांनाच विचारलं, बाबांनो, डायरेक्टर नक्की करतो काय? त्यांनी शिकवलं, हा शिकला, आणि मग आठवड्याला दोन-तीन सिनेमे निघायला लागले.

तेव्हा कॅमेऱ्याच्या पेटंटवरून मारामाऱ्या चालायच्या बरं का, अगदी खऱ्या. पेटंट हातात असलेल्या एडिसनच्या गटाचे गुंड बाहेरच्या कंपन्यांचे कॅमेरे फोडायला यायचे, त्यामुळे सेटवर बंदुकवाले राखणदार ठेवावे लागायचे.

मला विचाराल तर हा माणूस शेवटपर्यंत इंजिनियरच राहिला. डायरेक्टर डी. डब्ल्यू. ग्रिफिथला ‘इनटॉलरन्स’ सिनेमातल्या बॅबिलॉनच्या अवाढव्य सेटवर कॅमेरा वरून खाली आणायचा होता, तर रुळांवरच्या गाडीवर लिफ्ट उभी करायची आयडिया याची. १९२२ च्या ‘रॉबिन हूड’चा किल्ला एवढा प्रचंड झाला की हिरो डग्लस फेअरबँक्सच हबकला, म्हणे याच्यापुढे मी दिसणार कुठे? ड्वानने भिंतीवरच्या उंच पडद्यामागे चक्क घसरगुंडी लपवली आणि स्वतः घसरून दाखवलं. झालं, फेअरबँक्स लहान पोरासारखा खूष!

पुढे बोलपट आले, त्यात कितीतरी दिग्गज मागे पडले, हा नाही. बालकलाकार शर्ली टेंपलचा ‘हायडी’ याचा, जॉन वेनला ॲक्टिंगचं पहिलं ऑस्कर नॉमिनेशन मिळालं तो १९४९ चा ‘सँड्स ऑफ इवो जिमा’ पण याचाच. स्वस्तातल्या छोट्या स्टुडिओंसाठीही त्याने काढले, कमी पैशात, कमी दिवसांत, आणि कुरकुर न करता. कदाचित म्हणूनच मोठ्या नावांच्या यादीत तो सहसा नसतो, जे मला काही पटत नाही. गेला १९८१ मध्ये, ९६ वर्षांचा होऊन.

‘रॉबिन हूड’ यूट्यूबवर फुकट आहे. पहिला अर्धा भाग जरा रेंगाळतो हां, उत्तरार्धापर्यंत दम धरा.