हेल्मेट पडलं, आता?

श्रोतेहो, नमस्कार.

गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट सीटवर ठेवलं, किल्ली काढायला वाकलात आणि मागून आवाज आला, ठक्! उचलून पाहिलं तर कडेला रंग उडालेला. दुकानदार म्हणतो, एकदा पडलं की कामातून गेलं, नवीन घ्या. शेजारचे काका म्हणतात, काही होत नाही हो, धूळ झटका आणि घाला. दोघांनीही हेल्मेटच्या आत मात्र डोकावलेलं नसतं.

बाहेरचं कवच एबीएस प्लास्टिकचं, पॉलिकार्बोनेटचं नाहीतर फायबरग्लासचं असतं. त्याच्या आत बोट-दोन बोटं जाडीचा थर असतो. टीव्हीच्या खोक्यात येतो तोच थर्माकोल, फक्त जास्त घट्ट दाबलेला. अपघातात डोकं या थरावर आतून आदळतं, दाणे चेपतात आणि त्या चेपण्यात धक्का जिरतो. चेपलेले दाणे पुन्हा फुगत नाहीत. त्या जागेवर दुसरा मार बसला, तर जिरवायला काही उरलेलं नसतं.

आता सीटवरून पडलेलं रिकामं हेल्मेट बघा. वजन सव्वा किलोच्या आसपास, उंची साधारण ८० सेंटीमीटर. जमिनीला टेकताना वेग भरतो ताशी १४ किलोमीटर. त्याच्या आत डोकं नसतं, त्यामुळे थर्माकोलला आतून दाबणारं कुणीच नसतं. मार बसतो तो कवचाला. युरोपच्या २२.०५ या आधीच्या हेल्मेट-मानकाच्या चाचणीत हेल्मेटमध्ये डोक्याचा जड साचा बसवून ते ताशी २७ किलोमीटर वेगानं ऐरणीवर आपटत असत, म्हणजे जवळपास २.९ मीटर उंचीवरून सोडल्यासारखं. सीटवरून पडलेल्या हेल्मेटच्या मानानं हा मार पंधरापट तरी मोठा. म्हणून रिकामं हेल्मेट सीटवरून एकदा पडलं, एवढ्यावरून ते टाकून देण्याची गरज सहसा नसते.

मात्र डोक्यात असताना हेल्मेट आपटलं असेल, तर तपासत बसू नका, बदला. वेग कमी होता, ओरखडाही नाही, या सबबी चालत नाहीत. चालत्या गाडीवरून, कोपरात अडकवलेलं हेल्मेट सुटून दुभाजकावर आदळलं असेल तर तेही बदललेलं बरं. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: पडताना हेल्मेटमध्ये काय होतं? आपण त्यात डिस्कचं कुलूप, पाण्याची बाटली, कधी बाजारातला नारळसुद्धा ठेवतो. अशा वेळी ते कुलूपच डोक्याचं काम करतं आणि थर्माकोल आतून चेपतो.

तपासायला दहा मिनिटं आणि मोबाइलची टॉर्च पुरते. काच काढा, गालाचे पॅड आणि आतलं कापड काढा. बऱ्याच हेल्मेटांत ते टिचबटणांवर असतं. चिकटवलेलं असेल तर ओढून फाडू नका, वरूनच चाचपा. टॉर्च तिरकी धरा, सरळ उजेडात खळगा दिसत नाही. भेग, खड्डा, किंवा दाणे दबून गुळगुळीत, चकचकीत झालेली जागा शोधा. अंगठ्यानं हलकेच चाचपत जा आणि डावी-उजवी बाजू ताडून बघा. थर्माकोल कवचापासून सुटलाय का, तेही बघा. यातलं काही एक सापडलं, तरी हेल्मेट बाद.

मग कवच. नुसता रंग उडणं म्हणजे तडा नव्हे. खुणेवरून नख फिरवा. नख अडकून रेष पुढे जात असेल तर शंका घ्या. प्लास्टिकच्या कवचावर ताण पडलेल्या जागी पांढुरका डाग उमटतो. फायबरग्लासमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. तिथे बोटाच्या पेरानं ठोकलं की बाकीच्या ठणठणीत आवाजाऐवजी भद्द आवाज येतो. दोन्ही बाजूंनी हातांनी हलकं दाबल्यावर करकर ऐकू आली, तरी तेच समजा. शेवटी पट्ट्याचे रिव्हेट हलवून बघा आणि बक्कल लावून जोरात ओढा. बक्कल सुटलं, तर आतला थर्माकोल कितीही शाबूत असला तरी हेल्मेट आधी उडून जाणार.

गंमत अशी, की एकदाही न पडता हेल्मेटं आरशावर टांगूनही खराब होतात. आरशाचं टोक रोज एकाच जागी थर्माकोलमध्ये रुततं आणि हळूहळू तिथे खळगा पडू शकतो. पेट्रोल आणि थिनरही तितकेच वाईट. कवचावरचा डाग थिनरनं पुसलात, तर प्लास्टिक वरून छान दिसतं आणि आतून ठिसूळ होतं. धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबण, बस्स.

हेल्मेटवरचं आयएसआय चिन्ह आणि उत्पादनाचा महिना-वर्षही बघून घ्या. पाच वर्षं उलटून गेली असतील, तर पडल्याचं निमित्त करून बदलून टाका. अमेरिकेची स्नेल फाउंडेशन हेल्मेटांच्या चाचण्या घेते. तीही पाच वर्षांनी बदलायला सांगते. आतून थर्माकोल नसलेली, नुसती प्लास्टिकची टोपी असेल, तर ती पडायची वाटसुद्धा पाहू नका.

बाद ठरलेलं हेल्मेट मागे बसणाऱ्यासाठी राखून ठेवू नका, भंगारातही तसंच देऊ नका. आधी कात्रीनं पट्टा कापा, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या डोक्यावर जाणार नाही.