आधी तोंड उघडा, वाक्य नंतर जुळतं

पोरांनो, पहिलंच सांगून टाकतो, आज मी ग्रामर शिकवणार नाही, आज ऐनवेळी इंग्लिश कसं बोलायचं ते बघायचंय. ते तुमचं शाळेत झालंय आणि बऱ्याच जणांचं चांगलं झालंय. पण होतं काय, पेपरात पॅसिव्ह व्हॉइस बरोबर सोडवणारी मुलगी पुण्याला इंटरव्ह्यूला निघते, हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसून ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर घोकत जाते, आणि समोरचा माणूस ते विचारतच नाही, तो विचारतो सोलापूरच्या का, कसं आहे तुमचं गाव? झालं, तिथंच गाडी अडते. जन्म ज्या गावात गेला त्याच्याबद्दल चार वाक्यं सुचत नाहीत. दरवर्षी असं कुणी ना कुणी येऊन सांगतं आणि मला फार वाईट वाटतं, कारण सांगायला तिच्याकडं ढीगभर होतं.

माझं मत असं आहे की तिला त्या पाठांतरानंच अडवलं. पाठ केलेलं उत्तर एकाच प्रश्नाला लागू पडतं, प्रश्न जरा वेगळा आला की डोकं शोधत बसतं की आपल्या पाठातलं इथं काय बसेल, आणि तेवढ्यात बोलायची वेळ निघून जाते. ऐनवेळी बोलता यावं असं वाटत असेल तर सरावही ऐनवेळी बोलायचाच करायला लागतो. क्लासवाले पाठ करायला देतात कारण ते शिकवायला सोपं जातं, मुलांना त्याचा उपयोग कमी.

आता नेमकं अडतं कुठं ते बघा. विलेम लेवेल्ट म्हणून नेदरलँड्सचे भाषा-मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी १९८९ मध्ये बोलण्याची क्रिया कशी चालते याची एक मांडणी केली, ती आजही शिकवतात. माणूस आधी काय सांगायचं ते ठरवतो, मग त्याला शब्द आणि वाक्यरचना मिळते, मग तोंडातून आवाज निघतो. आपल्या भाषेत पुढची दोन कामं आपोआप होतात, म्हणून आपलं सगळं लक्ष सांगायच्या गोष्टीकडं राहतं. इंग्लिशमध्ये आपण मध्येच एक जादा काम घुसवतो, आधी पूर्ण वाक्य मराठीत तयार करायचं आणि मग ते उलटायचं. ‘मी काल मामाबरोबर अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेलो होतो’ यात ‘गेलो’ सगळ्यात शेवटी येतं आणि इंग्लिशला ते ‘मी’च्या लगेच पुढं लागतं, म्हणजे अख्खं वाक्य डोक्यात धरून ठेवल्याशिवाय तुम्हाला सुरुवातच करता येत नाही. कन्नड आणि तेलुगूतही क्रियापद शेवटीच, त्यामुळं घरी कुठलीही भाषा असो, दमछाक तीच. म्हणून माझा आग्रह असतो की वाक्य छोटं ठेवा. आय वेंट टू अक्कलकोट. थांबा. विथ माय अंकल. थांबा. तुकड्या-तुकड्यानं बोललेलं ऐकणाऱ्याला छान कळतं, आणि पहिला तुकडा तोंडाबाहेर पडला की दुसरा सुचतो हे तुम्हीच करून बघा.

आणि हे आपल्याला जमणार नाही असं सोलापूरच्या माणसानं तर म्हणूच नये. साखर पेठेत, अशोक चौकाकडं जा, घरात तेलुगू, दुकानात मराठी, शेजारी कन्नड, पलीकडच्या गल्लीत दखनी, आणि शाळेत कधी न गेलेली आजीसुद्धा एका दमात भाषा बदलते की ओ! तिनं कुठं व्याकरणाचं पुस्तक उघडलं होतं? तिला काम होतं, समोर माणूस होता, ती बोलली. चुकली असेल, कुणी हसलं असेल, दुसऱ्या दिवशी परत बोलली. तुमच्यातले निम्मे लोक असेच तीन-तीन भाषांत वाढलेत आणि चौथीला घाबरतायत, का तर तिच्यात मार्क मिळतात आणि चुकलं की इज्जत जाते असं आपण उगीच धरून बसलोय.

आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस बघा. १९१० साली सोलापुरात जन्म, १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. युद्ध चालू, रोज जखमी येतायत, चिनी भाषेचा आधी काही संबंध नाही. तिथं राहून ती भाषा शिकले, बोलायला लागले आणि पुढं चिनी विद्यार्थ्यांना शिकवायला लागले, आणि १९४२ मध्ये गेले तेव्हा वय अवघं बत्तीस. मला त्यांची ही बाजू फार मोठी वाटते, ऑपरेशनच्या टेबलावरचा माणूस तुमचा उच्चार तपासत नसतो, त्याला तुमचं म्हणणं कळायला हवं असतं.

बरं, सराव कसा करायचा. भाषा शिकवणाऱ्यांच्यात एक पद्धत प्रसिद्ध आहे, पॉल नेशन या अभ्यासकानं त्यावर लिहिलंय, चार-तीन-दोन म्हणतात. एकच विषय एका माणसाला चार मिनिटं सांगायचा, मग तोच दुसऱ्या माणसाला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. लिहून काढायचं नाही, पाठ करायचं नाही. पहिल्यांदा अडखळाल, शब्द सापडणार नाहीत, दुसऱ्यांदा तेच शब्द हाताशी असतात आणि तिसऱ्यांदा तर विचार करायला वेळच नसतो त्यामुळं जीभ आपोआप पळते. ऐकणारा दरवेळी नवा पाहिजे, कारण त्याच माणसाला परत सांगताना आपल्यालाच कंटाळा येतो. कुणीच मिळालं नाही तर मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण मोठ्यानं, मनातल्या मनात केलेला सराव मी धरत नाही.

विषय मात्र असा घ्या जो ऐकणाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहितीय. ग्लोबल वॉर्मिंग नको, त्यात तुम्हाला मुद्दाही शोधायचा आणि शब्दही. गड्ड्याची यात्रा घ्या, आपल्या सिद्धेश्वरांची. चेन्नईच्या माणसाला नंदीध्वज समजावून सांगा, तो किती उंच असतो, तो पेलायला काय लागतं, अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक कसा होतो, अक्षता सोहळ्याला गर्दी कशी असते. नंदीध्वजाला इंग्लिश शब्द नाही म्हणून अडू नका, नंदीध्वजच म्हणा आणि व्हेरी टॉल पोल म्हणून हातानं दाखवा. शब्द नसताना काम भागवता येणं हेच तर ऐनवेळचं बोलणं आहे!

प्रश्न कळला नाही तर? सॉरी, कुड यू रिपीट दॅट, हे सरळ म्हणायचं, त्यात काही कमीपणा नाही. सुचायला वेळ हवाय तर लेट मी थिंक म्हणा आणि खरंच दोन सेकंद गप्प बसा. आपल्याला ती शांतता फार लांब वाटते, समोरच्याला ती जाणवतही नाही. काळ चुकला, वेंटच्या जागी गो आलं, तर मागं जाऊन दुरुस्त करू नका, पुढं चला.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. मित्र इंग्लिश बोलायला लागला की ‘आला बघ साहेब’ म्हणून हसायची आपल्याकडं सवय आहे, ती बंद करा. एकदा चारचौघांत हसं झालं की पोरगं वर्षभर तोंड उघडत नाही, मी असे बघितलेत, हुशार, मेहनती आणि कायमचे गप्प झालेले. या हॉलमध्ये आज कुणी कुणावर हसणार नाही.

आता खुर्च्या वळवा, दोघा-दोघांच्या जोड्या करा, ओळखीचा माणूस शेजारी असेल तर जागा बदला. विषय आहे आमच्या घरी संक्रांतीला काय असतं. मी घड्याळ लावतो, पहिल्याला चार मिनिटं. हं, पेन-वही खाली ठेवा, ते मागचे दोघंपण. सुरू करा.