आधी काटा, मग पाना

(घरगुती वर्कशॉपवाल्यांच्या मेळाव्यातलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मघाशी चहाच्या वेळी एकानं मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मिलिंग मशिनचं, म्हणजे फिरत्या कटरनं धातू कापणाऱ्या मशिनचं, हँडल पाव फेरा फिरतंय आणि टेबल जागचं हलत नाही. "सर, नट बदलू का?" मी म्हटलं, थांबा. नट बदलून मी एकदा हात पोळून घेतलेत.

माझी बेंचवरची छोटी मशिन. लीड स्क्रू म्हणजे हँडलनं फिरणारा, नटातून जाऊन टेबल सरकवणारा लांब स्क्रू. त्याचं पिच, म्हणजे एका फेऱ्यातली सरक, दीड मिलिमीटर, म्हणजे पाव फेऱ्याला जवळजवळ ०.३८ मिलिमीटर. प्ले, म्हणजे हँडल फिरूनही टेबल न हलणारी ढिलाई, एवढाच होता. नवा पितळी नट करून घेतला, बसवला, डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं गेज) लावला, तर काटा अजूनही पाव मिलिमीटर खातोय! नवा नट निर्दोष होता. स्क्रू टेबलाच्या टोकाला ज्या ब्रॅकेटमध्ये फिरतो, तिथला कॉलर, म्हणजे स्क्रूला पुढेमागे सरकू न देणारं कडं, ढिला होता. स्क्रू आधी ब्रॅकेटमध्ये पुढेमागे सरकायचा, मग टेबल ओढायचा.

हे पकडायचं कसं? मॅग्नेट बेस (डायल धरणारं चुंबकी स्टँड) टेबलावरच ठेवा आणि डायलचं टोक स्क्रूच्या तोंडावर टेकवा. हँडल कुणाला तरी घट्ट धरायला सांगा, फिरू द्यायचं नाही. आता दोन्ही हातांनी टेबल ढकला, ओढा. काटा हलला तर तेवढा प्ले कॉलरचा. मग बेस मशिनच्या न हलणाऱ्या भागावर घ्या, टोक टेबलाला लावा, हँडल एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवा. दिशा बदलल्यावर काटा हलेपर्यंत हँडल जेवढं रिकामं फिरतं, तो झाला एकूण प्ले. त्यातून कॉलरचा वजा केला की उरला तो नटाचा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि आपण ते सोडून थेट पाना हातात घेतो.

कॉलरचा इलाज स्वस्त आहे. फट फिलर गेजनं मोजायची, तेवढ्या जाडीचा पितळी वॉशर काचेवर पॉलिश पेपर अंथरून घासत घासत मापात आणायचा. हँडल बोटांना किंचित जड लागेल इथवर लॉकनट आवळायचा, पुढे नाही.

नटाकडे वळताना एक लक्षात घ्या. व्हाइस (काम पकडणारा शिकंजा) नेहमी टेबलाच्या मध्यावर असतो, त्यामुळे स्क्रूची झीजही मधल्या वितभरातच होते. म्हणून प्ले तीन ठिकाणी मोजा. मध्ये ०.१८ आणि टोकांना ०.०५ आला, तर दुखणं स्क्रूचं आहे. मुद्दाम चीर पाडून आवळता येईल असा केलेला नट मध्यावर आवळून प्ले घालवलात, तर टोकाकडे जाताना टेबल जाम होणार. स्क्रू चांगला असेल तर डेलरिनचा (एका कडक प्लास्टिकचा) नट घरी होतो: दोन तुकड्यांमध्ये तापवलेला स्क्रू दाबायचा, आटे आपोआप उमटतात. खिडक्या मात्र उघड्या ठेवा. डेलरिन जास्त तापलं की फॉर्मल्डिहाइड सुटतो, डोळ्यांना झोंबतो.

आता गिब, म्हणजे स्लाइडमधली (टेबल सरकतं त्या खाचेतली) ढिलाई काढणारा भाग. टेबलाचं एक टोक हातानं आडवं ढकला. काटा हलला तर स्लाइडमध्ये ढिलाई आहे, लीड स्क्रूचा इथे काही संबंध नाही. स्वस्त मशिनमध्ये गिब म्हणजे पातळ पट्टी असते आणि डोकं नसलेल्या छोट्या ग्रब स्क्रूचं टोक तिच्यावरच्या खळीत बसायचं असतं. खळी जराशी चुकलेली असली की स्क्रू आवळताना पट्टी वर चढते किंवा वाकते. पट्टी काढून काचेवर ठेवा, बोटानं दाबून डुगडुगते का पाहा. आवळायचं ते टेबल टोकाकडे नेऊन, जिथे झीज कमी आहे. त्यानंतर मध्यावर जो प्ले उरतो तो आवळून जात नाही; तिथे प्रशियन ब्ल्यू (उंच जागा दाखवणारा निळा रंग) लावून स्क्रेपरनं खरवडणं आलं, आणि त्याला धीर लागतो.

(प्रश्न: ग्राइंडिंग पेस्ट लावून फिरवलं तर?)

अजिबात नको. पेस्टची खर मऊ पितळात रुतते आणि पुढे वर्षभर स्क्रू खात बसते. तुमच्या नटाचीच कानस होते.

(प्रश्न: मग प्ले शून्य कधी करायचा?)

साध्या नट-स्क्रूत शून्य होत नाही. तेलाला जागा लागते ना! मी ०.०५ वर थांबतो. मोजमाप घेताना कायम एकाच दिशेनं जायचं. पुढे गेलात तर अर्धा फेरा मागे येऊन परत या. आणि डाउन मिलिंग करू नका. तिथे कटर जॉबला फीडच्याच दिशेनं खेचतो. दाताला ०.०३ चा काप घ्यायचाय आणि टेबल अचानक ०.३ नं पुढे उडालं, तर सहा मिलिमीटरचा एंडमिल, म्हणजे कटर, टिकेल का? माझा टिकला नाही. तुकडा शोधायला झाडू घ्यावा लागला.

बरं, व्हिडिओवाले इकडे या. ही तुमच्याच मॉडेलची मशिन आहे. बेस मी लावतो, तुम्ही हँडल धरा. घट्ट. आता ढकलतो, काट्याकडे बघा.