मोनोमधला तबला

[दृश्य: फिरणारी तबकडी. सुई टेकते. थोडी खरखर.]

११ एप्रिल १९६६. ईस्टरचा सोमवार. लंडनमध्ये अनिल भागवत नावाच्या तबलावादकाला एक फोन येतो. आज संध्याकाळी मोकळे आहात का? जॉर्जबरोबर वाजवायचं आहे. कोण जॉर्ज, ते फोनवर कुणी सांगत नाही. न्यायला रोल्स-रॉइस येते, तेव्हा उलगडा होतो. जॉर्ज म्हणजे जॉर्ज हॅरिसन, आणि जायचंय ॲबे रोड स्टुडिओत, त्याच्या बीटल्स या चौघांच्या ब्रिटिश बँडच्या ध्वनिमुद्रणाला.

भागवत हे नाव ऐकून आपले कान टवकारणारच. पण जरा थांबू या. तो तबला कुठे जाऊन पोहोचला, ते आधी पाहू.

[दृश्य: जुन्या एलपींची आवरणं, एकामागून एक.]

बीटल्सची पहिली एलपी, म्हणजे गाण्यांची मोठी तबकडी, मे १९६३मध्ये ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत पहिली आली आणि ३० आठवडे तिथंच राहिली. तिला खाली खेचलं ते त्यांच्याच दुसऱ्या एलपीनं. तिचा मुक्काम २१ आठवडे. पहिलीतल्या १४ गाण्यांपैकी १० एका दिवसात मुद्रित झाली होती. सर्दीनं बेजार झालेल्या, चौघांतल्या जॉन लेननचा घसा पार बसत आला असताना शेवटचं गाणं घेतलं. ते आज ऐकलं तरी त्याच्या आवाजातली ती फाटकी धार अंगावर येते.

तीन वर्षांनी तीच चार मुलं एकेका गाण्यावर कितीतरी तास घालवू लागली होती. ध्वनिमुद्रक जेफ एमरिक जेमतेम विशीतला. त्यानं व्हायोलिनच्या इतक्या जवळ माईक लावले की वादक बिचकले. लेननला एकच ओळ दोनदा गाऊन आवाज दुहेरी करण्याचा कंटाळा होता, म्हणून केन टाउनसेंड या तंत्रज्ञानं ते काम टेपवरच होईल अशी युक्ती शोधली. या सगळ्यातून ५ ऑगस्टला 'रिव्हॉल्व्हर' ही एलपी बाजारात आली. इंग्लंडनं फुटबॉलचा विश्वचषक जिंकून सहाच दिवस झाले होते. यादीत ती सात आठवडे पहिली होती.

[संगीत: सतारीचे मोकळे सूर.]

पहिल्या बाजूचं चौथं गाणं, 'लव्ह यू टू'. सुरुवातीला फक्त सतार. ताल नाही, घाई नाही. छोटासा आलापच म्हणा. मग तबला येतो आणि गाणं एकदम चालू लागतं. हॅरिसननं भागवतांबरोबर बसून तबला सुरात लावून घेतला होता. रविशंकरांच्या धाटणीचं, सोळा मात्रांचं काहीतरी हवं, एवढं सांगितलं आणि पुढचं त्यांच्यावर सोपवलं. शब्द संपल्यावर लय चढते, गाणं द्रुतमध्ये शिरतं आणि आवाज हळूहळू उतरत जातो.

इथं मला एक आग्रह करायचा आहे. हे गाणं मोनोत ऐका, म्हणजे सगळे आवाज एकाच स्पीकरसाठी एकत्र मिसळलेल्या रूपात.

त्या काळी ब्रिटनमध्ये बहुतेक घरांत एकाच स्पीकरचा रेकॉर्ड प्लेअर असे. मोनो मिश्रणावर मन लावून काम व्हायचं, स्टीरिओ, म्हणजे दोन स्पीकरांसाठीचं, मागाहून उरकलं जायचं. १९६६च्या श्रोत्यांनी जे ऐकलं ते मुख्यतः मोनो. आज आपल्या फोनवर येतं ते बहुधा स्टीरिओ. त्यात द्रुत रंगात येतं न येतं तोच गाणं विरून जातं. मोनोत मात्र आवाज उशिरा उतरतो. काही सेकंदच जास्त. पण त्या सेकंदांत हात खरा सुटलेला ऐकू येतो. तबला ऐकत वाढलेल्या कानाला एवढा फरक पुरेसा आहे.

[दृश्य: 'रिव्हॉल्व्हर'चं मागचं आवरण. कॅमेरा बारीक अक्षरांकडे सरकतो.]

आवरणावर नाव छापलं आहे: अनिल भागवत, तबला. त्याचा आपल्याला फार अभिमान वाटतो, असं त्यांनी पुढे सांगितलं.

हे भाग्य सगळ्यांना मिळालं नाही. पुढच्याच वर्षी, १५ मार्च १९६७ला, याच स्टुडिओत 'विदिन यू विदाउट यू' या गाण्यासाठी दिलरुबा हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य, तानपुरा आणि तबला वाजला. वादक लंडनच्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेचे. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी नंतर आठ व्हायोलिन आणि तीन चेलो जोडले, आणि पाश्चात्त्य वादकांना दिलरुब्याच्या मींडेमागून एका सुरातून दुसऱ्यात घसरत जायला लावलं. अतिशय अवघड काम, आणि किती सुंदर साधलंय! हे गाणं ज्या एलपीत आलं, त्या 'सार्जंट पेपर'च्या आवरणावर गाण्यांचे सगळे शब्द छापले गेले. दिलरुबा वाजवणारे अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तानपुऱ्यावरचे बुद्धदेव कन्सारा, तबल्यावरचे नटवर सोनी, यांची नावं मात्र त्यावर नव्हती. ती लोकांसमोर यायला पन्नासेक वर्षं लागली.

[दृश्य: सुई पुन्हा 'रिव्हॉल्व्हर'च्या चौथ्या गाण्यावर.]

आता पुन्हा लावू या. मोनो. शब्द संपले. लय चढली. आवाज उतरू लागला. स्टीरिओ इथं थांबला असता.

[तबला चालू राहतो. निवेदन नाही.]